आयातशुल्काच्या सवलती, देशाचं स्वतःचं व्यापारधोरण आणि आपला बेदाणा

येरळाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बेदाण्याचा दर पडला की आपल्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या सौद्यात "अफगाणी माल आला" हे ऐकू येतं. दर चढला की "आता बाहेरून आणतील" हे ऐकू येतं. दोन्ही वाक्यांच्या मागे आयातशुल्काच्या सवलतींचे करार आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्या भागात नीट चर्चा होत नाही. म्हणून हा धागा.

आधी मूळ गोष्ट. भारतात बेदाण्यावर आयातशुल्क १०० टक्के आहे. अमेरिका दरवर्षी आपल्या व्यापार-अडथळ्यांची यादी काढते, तीत कॉफी, अक्रोड आणि बेदाणा यांच्यावरच्या या १०० टक्क्यांचा उल्लेख नेमाने असतो. म्हणजे बाहेरचा १०० रुपयांचा बेदाणा बंदरावरच २०० चा होतो. कागदावर एवढी भक्कम भिंत असताना तो तासगावच्या मालाला टक्कर कशी देतो?

देतो, कारण भिंतीला दार आहे आणि ते आपणच केलं आहे. २००३ साली भारताने अफगाणिस्तानशी प्राधान्य व्यापार करार केला. त्यात सुक्या मेव्यासह ३८ वस्तूंना सवलत दिली. पुढे अफगाणिस्तान सार्कमध्ये, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेत आला, त्यांच्या आपसातल्या मुक्त व्यापाराच्या साफ्टा करारात आला. नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने सार्कमधल्या अल्पविकसित, म्हणजे सर्वांत गरीब गणलेल्या देशांसाठी (अफगाणिस्तान त्यातलाच) संवेदनशील, म्हणजे सवलत न देण्याच्या वस्तूंची यादी ४८० वरून थेट २५ वर आणली. उरलेल्या २५ मध्ये दारू आणि तंबाखूच. बाकी सगळं शून्य शुल्कात. बेदाणाही.

हे करणं चूक होतं असं मी म्हणत नाही. गरीब देशांना श्रीमंत देशांनी बाजार उघडून द्यावा, बदल्यात काही मागू नये, हा विचार आपल्यासारख्या देशांनीच जगाला मान्य करायला लावला. अंक्टाड, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची व्यापार-विकास परिषद, तिचे पहिले सरचिटणीस राउल प्रेबिश यांनी १९६४ मध्ये तो मांडला आणि १९६८ च्या दिल्लीतल्या दुसऱ्या परिषदेत त्यावर ठराव झाला. हो, आपल्या दिल्लीत. १९७१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या गॅट कराराने दहा वर्षांची मुभा दिली, युरोपने त्याच वर्षी योजना सुरू केली, अमेरिकेने १९७६ च्या जानेवारीत. १९७९ मध्ये ती मुभा कायमची झाली. हीच ती जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला आयातशुल्कात एकतर्फी दिलेली सवलत.

यात एक मेख राहून गेली. सवलत देणं देणाऱ्याच्या मर्जीवर राहिलं. कोणाला, कोणत्या मालावर, किती दिवस, हे तोच ठरवतो. ५ जून २०१९ ला अमेरिकेने भारताची जीएसपी काढून घेतली. तेव्हा आपण त्या योजनेचे सर्वांत मोठे लाभार्थी होतो, २०१७ मध्ये सुमारे ५.६ अब्ज डॉलरचा माल त्यातून गेला होता. कारण काय दिलं? भारत अमेरिकी मालाला पुरेसा बाजार देत नाही. तक्रार करणारे दोन गट होते, दूध उद्योग आणि वैद्यकीय उपकरणांचे उत्पादक. आपण फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली होती, आणि ज्या जनावरांना मांस-रक्ताचं खाद्य दिलेलं नाही त्यांच्याच दुधाचे पदार्थ घेऊ, अशी अट ठेवली होती. सांगली-मिरजेतल्या एखाद्या माणसाला स्टेंट परवडावा म्हणून घेतलेला निर्णय, आणि त्याची किंमत भारतीय निर्यातदाराने मोजली.

माझं म्हणणं असं: दुसऱ्याच्या मर्जीवरची सवलत मिळेल तेव्हा घ्यावी, पण तिच्यावर धंदा उभारू नये. आणि आपण देतो ती सवलत ज्याच्यासाठी आहे त्यालाच मिळते का, हे डोळ्यांत तेल घालून बघावं. कोणाला दार उघडायचं, किती उघडायचं, कधी ओढून घ्यायचं हे देशाने स्वतः ठरवणं यालाच मी स्वतंत्र व्यापारधोरण म्हणतो. ते ठरवताना ज्याच्या बेदाण्याच्या शेडवर त्याचा परिणाम होणार त्याला विचारलं पाहिजे. आज ते होत नाही.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांचा माल बाहेर जातो त्यांनी.

सावळजची लेक

दादा, चांगला विषय काढलात. आमची शेड आहे, त्यामुळे थोडं जवळून लिहिते.

आमचा बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरायचे, मग दोन आठवडे आभाळाकडे बघत बसायचं. त्यात एक अवकाळी सर आली, हवेत ओल राहिली की हिरवा माल काळपट पडतो आणि दर अर्ध्यावर येतो. एवढं करून बॉक्स भरले की सगळेच लगेच विकत नाहीत. दिवाळीच्या आधी मागणी असते म्हणून शीतगृहात ठेवतात. भाडं चालू, वर कर्जाचं व्याज चालू.

आता बघा, अफगाणिस्तानात द्राक्षं ऑगस्टनंतर उतरतात. म्हणजे त्यांचा नवा बेदाणा नेमका आमचा साठा बाहेर काढायच्या वेळेला बाजारात येतो. वर्षाची सरासरी काढली तर आयात थोडी वाटेल. पण ती ज्या दोन महिन्यांत येते ते दोन महिनेच आमचं वर्ष ठरवतात. दिल्लीत बसून वार्षिक आकडा बघणाऱ्याला हे दिसणार नाही.

तरीही अफगाणी शेतकऱ्यावर माझा राग नाही. तिथल्या बायाही आमच्यासारख्याच द्राक्षं निवडत असतील. राग आहे तो दुसऱ्याच मालाचा. गेल्या दोन-तीन हंगामांत बाजारात असा बेदाणा बघितला की जो ना आपला वाटतो ना अफगाणी. एकसारखा हिरवागार, दाणा लांब, देठ साफ उडवलेले, आणि दर इतका कमी की १०० टक्के शुल्क भरून तो परवडूच शकत नाही. एका व्यापाऱ्याने तो आमच्या मालात मिसळून "सांगली बेदाणा" म्हणून बॉक्स भरलेले मी स्वतः पाहिलेत. सांगली बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाचं. त्या नावाला किंमत यायला आमच्या दोन पिढ्या गेल्या.

मणेराजुरीकर

ताईंशी १०० टक्के सहमत. चीनचा बेदाणा नेपाळमार्गे येतो, ही तक्रार द्राक्ष बागायतदारांच्या संघटनेने सरकारपर्यंत नेलेली आहे. चीनच्या बेदाण्याला शून्य शुल्काची सवलत नाही, त्यावर पूर्ण शुल्क लागलं पाहिजे. नेपाळात बेदाणा पिकतो तरी किती? मग तिथून येतो तो कुठला?

माझं मत स्पष्ट आहे, सगळी आयात बंद करा.

विटेकर

मणेराजुरीकर, तुमचा संताप कळतो. पण थोडं दुसऱ्या बाजूनेही बघू या. आपली द्राक्षं बांगलादेशात जातात. वजनाने बघितलं तर तो आपला फार मोठा गिऱ्हाईक आहे. तिथल्या सरकारने आयातशुल्क वाढवलं की आपल्या भागात बागेवरचा दर त्याच आठवड्यात खाली येतो, आणि मग आपण म्हणतो की दिल्लीने ढाक्याशी बोलावं, शुल्क कमी करून घ्यावं. आपण सगळी दारं बंद करून त्यांना दार उघडा असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता माझ्या धंद्याचं सांगतो. विट्यात यंत्रमाग आहेत. युरोपात तयार कपड्यावर साधारण १२ टक्के शुल्क आहे. भारताला जीएसपीत ते ९.६ टक्के पडत आलंय. बांगलादेश अल्पविकसित असल्याने त्याला शून्य, शस्त्रं सोडून सगळं खुलं अशी २००१ पासूनची योजना आहे. पाकिस्तानला २०१४ पासून जीएसपी प्लस ही जास्तीची सवलत, म्हणजे तिथेही बहुतेक शून्यच. आमचं कापड ज्यांच्या कपड्यात जातं ते निर्यातदार या साडेनऊ टक्क्यांत मार खातात. कामगार आमचाही गरीबच आहे, पण देश मोठा म्हणून तो "गरीब" या व्याख्येत बसत नाही.

आणि हे निमूटपणे सोसलेलं नाही. युरोपने अमली पदार्थांविरुद्ध लढणाऱ्या देशांना म्हणून १२ देशांना खास सवलत दिली होती, त्यात पाकिस्तान होता. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. एप्रिल २००४ मध्ये अपील मंडळाचा निकाल आला. सवलत देणाऱ्याला विकसनशील देशांमध्ये फरक करता येईल, पण तो वस्तुनिष्ठ निकषांवर असला पाहिजे, आणि त्या निकषांत बसणाऱ्या प्रत्येकाला तीच सवलत मिळाली पाहिजे. ती खास योजना युरोपला बदलावी लागली. तिच्या जागी आलेली योजना म्हणजे जीएसपी प्लस, ज्यात पाकिस्तान पुन्हा आलाच. दावा जिंकून शेवटी हातात काय आलं, हा प्रश्न मला अजून पडतो.

कुपवाडकर

आमची फाउंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हचे ओतीव भाग बाहेर जातात. २०१९ मध्ये जीएसपी गेली तेव्हाचा अनुभव सांगतो.

सवलत असते तेव्हा शुल्क वाचतं ते अमेरिकेतल्या आयातदाराचं. पैसा आधी त्याच्या खिशात पडतो. आमच्यापर्यंत तो ऑर्डरच्या रूपाने येतो, दराच्या रूपाने नाही. सवलत गेली त्या महिन्यातच आमच्या गिऱ्हाइकाचा मेल आला की वाढलेलं शुल्क निम्मं तुम्ही सोसा. म्हणजे सवलतीत आमचा वाटा नव्हता, ती गेल्याच्या तोट्यात मात्र होता. शुल्क लहान होतं म्हणून निभावलं. तेव्हा केंद्राच्या वाणिज्य सचिवांनीही सांगितलं होतं की ५.६ अब्जांच्या निर्यातीवर प्रत्यक्ष शुल्कबचत १९ कोटी डॉलरच्या आसपास होती. म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाही.

पण साडेतीन टक्के ही आमच्यासारख्या कारखान्याची जवळजवळ सगळी मार्जिन असते. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये बऱ्याच भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा कळलं की जीएसपी जाणं ही नुसती सुरुवात होती. मला सल्ला विचाराल तर एकच देश, एकच गिऱ्हाईक असं ठेवू नका. आम्ही आता दोन नवीन देशांत नमुने पाठवलेत. वेळ लागतो. नमुना पास व्हायलाच वर्ष जातं.

निवृत्त मास्तर

चर्चा वाचून आनंद झाला. मी अर्थशास्त्र शिकवत असे, म्हणून जरा मागचं सांगतो. तरुण मंडळींना हे माहीत असणं गरजेचं आहे.

स्वतःचं शुल्क स्वतः ठरवता येणं ही आपल्याला सहज मिळालेली गोष्ट नाही. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं, आणि मँचेस्टरला त्रास नको म्हणून भारतातल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. आपल्याच देशात, आपल्याच कापडावर. तो कर १९२६ मध्ये एकदाचा रद्द झाला. तीस वर्षं लागली. त्याच्या आधी, १८९२ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन सांगितलं होतं की खुल्या व्यापाराचं इंग्लंडचं शास्त्र भारताला जसंच्या तसं लागू होत नाही, मागे पडलेल्या देशाला वाढीसाठी राज्याचा आधार लागतो.

१९२३ पासून निवडक संरक्षणाचं धोरण आलं. १९३२ चा साखर उद्योग संरक्षण कायदा त्यातलाच. तेव्हा देशात तीसेक साखर कारखाने होते, चार-पाच वर्षांत शंभराच्या वर गेले. आज कृष्णा-वारणा काठावर जी उसाची अर्थव्यवस्था दिसते तिच्या मुळाशी हे शुल्क आहे. त्याच १९३२ साली ओटावा करार करून ब्रिटिश मालाला प्राधान्य द्यायला भारताला लावलं. १९३६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने तो करार संपवावा असं मत दिलं. प्राधान्य देणं वेगळं आणि द्यायला लावणं वेगळं, हा फरक तेव्हाच्या सभासदांना नेमका कळला होता.

आजही सगळ्या स्वतंत्र देशांकडे हा अधिकार नाही, हे लक्षात घ्या. युरोपीय संघातला बेल्जियम किंवा पोर्तुगाल आपलं आयातशुल्क एकट्याने ठरवू शकत नाही, ते ब्रुसेल्समध्ये सगळ्यांचं मिळून ठरतं. ब्रिटन संघातून बाहेर पडला त्यामागे हा अधिकार परत घ्यायचा हेही एक कारण होतं. बाहेर पडल्यावर त्यांनी जून २०२३ पासून विकसनशील देशांसाठी स्वतःची सवलत योजना सुरू केली, मूळ देशाचे नियम युरोपपेक्षा सैल ठेवले. आणि जुलै २०२५ मध्ये भारताशी करार केला, त्यात शुल्काच्या यादीतल्या ९९ टक्के नोंदींवर आपल्या मालाला शून्य शुल्क आहे. सवलत आणि करार यांतला फरक इथे दिसतो. सवलत एकतर्फी काढून घेता येते. करार मोडायला कारण द्यावं लागतं, मुदत द्यावी लागते, किंमत मोजावी लागते.

सावळजची लेक

सर, हे शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर! साखरेचं मला अजिबात माहीत नव्हतं.

हळदपेठ

सांगलीच्या हळदीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जगातली बहुतांश हळद भारतात पिकते आणि अख्ख्या हळदीवर अमेरिका, युरोप दोन्हीकडे मूळ शुल्कच शून्य आहे. ज्या मालावर शुल्कच नाही त्याला सवलत कसली देणार? त्यामुळे जीएसपी असली काय, गेली काय, हळकुंडाला काही फरक पडला नाही. २०२५ सारखं जादा शुल्क अचानक बसलं की मात्र झळ लागते.

आमची अडचण वेगळी आहे. कच्च्या मालावर शून्य आणि पक्क्या मालावर शुल्क, ही श्रीमंत देशांची जुनी रीत. कॉफीचं उदाहरण घ्या: हिरव्या बिया युरोपात शून्य टक्क्यांत जातात, भाजलेल्या कॉफीवर साडेसात टक्के. म्हणजे बी तुम्ही पिकवा, भाजायचा नफा आम्ही घेतो. विकसनशील देशांसाठी सवलत द्यायची तर ती इथे द्यावी, प्रक्रियेवर.

दुसरी गोष्ट, शुल्क शून्य झालं म्हणजे माल उतरलाच असं नाही. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक औषधाच्या अंशावरून अडवली होती. जुन्या बागायतदारांना ते वर्ष आठवत असेल. शुल्काचा त्यात काही संबंध नव्हता. हळदीतही तेच. शिशाचा अंश, कीटकनाशकाचा अंश, रंग. प्रयोगशाळेचा अहवाल हाच आता खरा परवाना आहे.

गोदीवाला

मूळचा मिरजेचा, काम न्हावा शेवा बंदरात, कस्टम्स क्लिअरिंगचं. बेदाण्याच्या कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळी मेख कागदातच आहे.

शून्य शुल्क हवं असेल तर मालासोबत मूळ देशाचा दाखला लागतो. तो निर्यात करणाऱ्या देशाने नेमलेली संस्था देते. बेदाण्यासारख्या शेतमालात नियम सोपा: तिथेच पिकलेला पाहिजे. प्रक्रिया केलेल्या मालात मूल्यवाढ, म्हणजे तिथे किमतीत किती भर पडली ते मोजतात. २०२० पर्यंत दाखला खरा दिसला की कस्टम्स सहसा सोडत असे. २१ सप्टेंबर २०२० पासून नवे नियम लागू झाले, त्यांना आम्ही कारोटार म्हणतो. आता नुसता दाखला पुरत नाही. माल कुठे पिकला, कसा तयार झाला, याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची, पाच वर्षं जपून ठेवायची आणि अधिकाऱ्याने मागितली की द्यायची. शंका आली तर अधिकारी परदेशातल्या संस्थेकडे पडताळणी मागू शकतो आणि तोपर्यंत सवलत रोखू शकतो.

म्हणजे हत्यार आहे. ते उचलायला अधिकाऱ्याला कारण लागतं. कारण म्हणजे ठोस माहिती: कोणत्या नाक्यावरून, कोणत्या महिन्यात, किती किमतीला, कोणत्या वर्णनाने. "बाजारात चिनी माल आलाय" एवढ्यावर कोणी कंटेनर अडवत नाही. आणि जो माल सरहद्दीवरून कागदाविना येतो त्याला कारोटार लागूच पडत नाही, ती सरळ तस्करी. तिचा तपास वेगळ्या यंत्रणेकडे.

याची दोन जुनी उदाहरणं द्यावीशी वाटतात. नेपाळात तेल-पामची शेती नाही, तरी तिथून शुद्ध पामतेल भारतात लोटलं होतं. कच्चं तेल बाहेरून आणायचं, शुद्ध करायचं, सवलतीत पाठवायचं. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली. त्याच्या आधी मिरीचं झालं. श्रीलंकेच्या सवलतीतून दुसऱ्याच देशाची मिरी येते, अशी केरळ-कर्नाटकच्या बागायतदारांची तक्रार होती. डिसेंबर २०१७ मध्ये किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत ठरवली गेली, म्हणजे त्याखालच्या दराने आणायला मनाई. तिथले बागायतदार एकत्र आले, आकडे घेऊन गेले, म्हणून झालं.

मणेराजुरीकर

गोदीवाले साहेब, मग नेपाळ २०२६ मध्ये अल्पविकसित यादीतून बाहेर पडतोय असं वाचलं. २४ नोव्हेंबर ना? त्यानंतर ही वाट आपोआप बंद होईल का?

गोदीवाला

तारीख बरोबर आहे. बांगलादेश, नेपाळ आणि लाओस, तिघांचीही तीच ठरली आहे. पण वाट बंद होणार नाही. नेपाळशी आपला वेगळा द्विपक्षीय व्यापार करार आहे. शेतीचा मूळ माल दोन्ही बाजूंनी शुल्काविना जातो, कारखान्यातल्या मालाला ३० टक्के मूल्यवाढीची अट. त्याचा अल्पविकसित दर्जाशी संबंध नाही. तिथे सवलत फक्त नेपाळी मालालाच आहे, म्हणून प्रश्न पुन्हा मूळ देशाच्या पडताळणीवरच येतो.

विटेकर, तुमच्यासाठी: बांगलादेश बाहेर पडला तरी युरोप त्यांना शून्य शुल्क आणखी तीन वर्षं, २०२९ पर्यंत देणार आहे. तेवढा वेळ धरून चाला.

अफगाणिस्तानबद्दलही सांगतो. साफ्टा करारात आयात अचानक वाढून इथल्या उत्पादकाला मोठं नुकसान झालं तर सवलत तात्पुरती थांबवायची तरतूद आहे. अल्पविकसित देशांना त्यातून सूट आहे, पण त्या मालाच्या आयातीत त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तरच. बेदाण्यात अफगाणिस्तानचा वाटा त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणजे कायद्याने रस्ता मोकळा आहे. नुकसान सिद्ध करावं लागेल, आणि तिथे आपल्याकडे आकडेच नाहीत.

येरळाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं एका ठिकाणी येईल असं वाटलं नव्हतं.

मणेराजुरीकर, सगळी आयात बंद करा या मताला माझा विरोध आहे. विटेकरांनी बांगलादेशचं जे लिहिलं ते आहेच, शिवाय जीएसपी आपल्याकडून काढून घेतली तेव्हा आपण ज्याला अन्याय म्हणालो तेच आपण काबूलच्या शेतकऱ्याशी करू नये. युद्धात पोळलेल्या देशाकडे विकायला जे थोडं आहे त्यात बेदाणा आहे. पण त्याच्या नावावर तिसऱ्याच देशाचा माल येत असेल तर त्याचाही घास जातोय आणि आपलाही. शून्य शुल्क राहू द्या, पण ताई म्हणतात त्या दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांसाठी किमान आयात किंमत लावा. अफगाणी चांगला बेदाणा तसाही महाग असतो, त्याला तिची झळ बसणार नाही. बसेल ती कमी किंमत दाखवून आणलेल्या मालाला.

आकड्यांचं काम आपण करू शकतो. बाजार समितीकडे रोजचे सौद्याचे दर आणि आवक असते. शीतगृहांकडे महिनावार साठा असतो. सरकारच्या व्यापार आकडेवारीत कोणत्या देशातून किती बेदाणा कोणत्या किमतीला आला हे महिन्यागणिक मिळतं. हे तीन तक्ते शेजारी ठेवले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काय होतं ते कोणालाही दिसेल.

सावळजची लेक

शीतगृहाच्या साठ्याचं मी बघते. आमच्या पट्ट्यातले काही चालक ओळखीचे आहेत. नावं जाहीर होणार नसतील तर आकडे देतील.

कुपवाडकर

माझा पुतण्या आकडेवारीचं काम करतो, तक्ते तो करून देईल. निवेदन इंग्रजीत लागेल, तेही बघतो.

निवृत्त मास्तर

मराठी मसुदा मी लिहितो. एक सूचना: निवेदनात "आयात बंद करा" हा शब्दप्रयोग नको. पडताळणी, किमान आयात किंमत आणि भौगोलिक मानांकनाच्या नावाखाली होणारी भेसळ, एवढेच मुद्दे ठेवू. मागणी जेवढी नेमकी तेवढी ती नाकारणं अवघड जातं.

गोदीवाला

निवेदन एकाच जागी पाठवू नका. किमान किंमतीचा विषय वाणिज्य मंत्रालय आणि विदेश व्यापार महासंचालनालयाचा, पडताळणीचा विषय सीमाशुल्क मंडळाचा, साफ्टातली सवलत थांबवायची तर अर्ज व्यापार उपाय महासंचालनालयाकडे. प्रत खासदारांना. आणि ताई, तो मिसळलेला माल पुन्हा दिसला तर बॉक्सवरचा मजकूर, लॉट नंबर आणि पावती यांचे फोटो काढून ठेवा. सीमाशुल्कवाल्यांना तेवढ्यावर काम सुरू करता येतं.

मणेराजुरीकर

बंदीबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण निवेदनावर सही करतो. आमच्या गावातून आणखी सह्या आणतो. मसुदा झाला की इथेच टाका मास्तर, हंगाम सुरू व्हायच्या आत गेला पाहिजे.